भांडुपच्या सप्ताहांत उभ्या राहणाऱ्या कीर्तनकारांना



टेंभीपाडा, कोकण नगर, हनुमान नगर, नरदास नगर, तुळशेतपाडा, खिंडीपाडा. भांडुप पश्चिमेच्या या वस्त्यांत वर्षभर कुठे ना कुठे हरिनाम सप्ताह बसलेला असतो. पहाटे काकडा, दिवसा पारायण, संध्याकाळी हरिपाठ आणि रात्री आपलं कीर्तन. आपण आळंदीहून, नगर-बीडकडून, कोकणातून रात्रीचा प्रवास करून येता आणि बहुतेक प्रत्येक कीर्तनात एकदा तरी व्यसनाचा विषय काढता. दारू सोडा, गुटखा सोडा, माळ घाला, असं पोटतिडकीने सांगता.

त्याबद्दलच मला आपल्याशी बोलायचं आहे. आपण हा विषय ज्यांच्यासाठी काढता, ती मुलं तेव्हा मंडपात नसतात. मंडपात असतात त्यांच्या आया, आज्या आणि निवृत्त कामगार. ही माणसं आधीच माळकरी आहेत. मुलं असतात मंडपामागे, गल्लीच्या तोंडाशी, नाहीतर वर पाइपलाइनच्या कडेला. भोंग्यामुळे आपले शब्द तिथवर पोचतात. आधी शाळेत आणि निवृत्तीनंतर वस्तीत मी या मुलांशी बोलत आले आहे. ज्याने अजून काही घेतलेलं नाही, त्याला आपले शब्द धीर देतात. ज्याने एकदा घेतलं आहे, तो ते ऐकून आणखी दूर जाऊन उभा राहतो. हे पत्र त्या दुसऱ्या मुलासाठी आहे.

मी माळकरी घरातली आहे, माझ्या गळ्यात आजही माळ आहे. आमच्या आधीची पिढी रत्नागिरी-सिंधुदुर्गातून, घाटावरून इथल्या जी.के.डब्ल्यू., सिएट, एशियन पेंट्स यांसारख्या कारखान्यांत कामाला आली आणि दहा बाय बाराच्या खोलीत देव्हारा मांडूनच तिने संसार मांडला. पगाराच्या दिवशी गुत्त्याकडे वळणारी पावलं माळेने घराकडे वळवली, हे मी शेजारच्या कितीतरी घरांत पाहिलं. त्यामुळे देवधर्माने काही होत नाही, असं म्हणणाऱ्यांत मी नाही. होतं, आणि ते मोजलंही गेलं आहे. अमेरिकेत शाळकरी मुलांच्या व्यसनांची दरवर्षी मोठी पाहणी होते. ज्या मुलांच्या आयुष्यात धर्माला स्थान आहे, ती मुलं दारू, सिगारेट, गांजा यांकडे कमी वळतात आणि वळलीच तर उशिरा वळतात, असं तिथे वर्षानुवर्षं दिसत आलं आहे. उशिरा वळण्यालाही मोठा अर्थ आहे. ज्यांनी पंधराव्या वर्षाच्या आत प्यायला सुरुवात केली, त्यांच्यात दारूच्या आहारी जाण्याचं प्रमाण वीस-एकवीसनंतर सुरुवात करणाऱ्यांच्या जवळजवळ चौपट आहे, असं तिथल्याच १९९७ सालच्या अभ्यासात आढळलं. मोहाला आवर घालणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. माळेने ही सुरुवात चार-पाच वर्षं पुढे ढकलली, तरी तिने खूप काही केलं.

पण ती हे कशाच्या जोरावर करते? मला वाटतं, पापाच्या भीतीपेक्षा सोबतीच्या जोरावर. आमच्या कोकणी भजनी मंडळांत बारा वर्षांचा मुलगा झांज धरून कोरसला बसतो, चौदाव्या वर्षी त्याच्या हाती पखवाज येतो, आणि डबलबारीच्या रात्री बुवांच्या मागे बसायला मिळावं म्हणून तो महिनाभर रियाज करतो. त्या महिन्यात त्याची प्रत्येक संध्याकाळ कुणीतरी मोठं माणूस पाहत असतं. आइसलँडसारख्या दूरच्या देशाने नेमकं हेच केलं. १९९८ साली तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं मागच्या महिन्यात दारू पिऊन झिंगलेली होती. २०१६ साली हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. मुलांना खेळ आणि संगीत शिकण्यासाठी सरकारने पैसे दिले, रात्री उशिरा बाहेर राहण्यावर बंधन आणलं आणि आईबापांनी मुलांसोबत घालवायचा वेळ वाढवला. प्रवचनं दिली नाहीत. आमच्याकडे पखवाज आहे, बुवा आहेत, सप्ताह आहे. जे उभारायला त्यांना सरकार लागलं, ते आम्हाला वारशात मिळालं आहे.

मग अडतं कुठे, तर पहिला झुरका मारून झाल्यावर.

एका मुलाबद्दल सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरी पंढरीची वारी, आईचा एकादशीला निर्जळी उपास. मुलगा पखवाजात तयार, इतका की मोठे बुवा त्याला नावाने हाक मारायचे. अकरावीला मुलुंडच्या बाजूला कॉलेजात जायला लागला आणि तिथल्या मित्रांसोबत गांजा ओढायला लागला. ओढायच्या आधी तो गळ्यातली माळ काढून खिशात ठेवायचा, घरी परतताना जिन्यात पुन्हा घालायचा. एकादशीला मात्र अन्नाचा कण घ्यायचा नाही. "गांजा उपासाला चालतो, शंकराचा प्रसाद आहे," असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्याने ते मला सांगितलं तेव्हा तो हसत नव्हता, त्याचा त्यावर खरोखर विश्वास होता. महाराज, हा मुलगा देव सोडून गेलेला नव्हता. तो देवाशी आपल्या परीने हिशेब जुळवत होता. तो हिशेब चुकतोय, हे त्याला सांगू शकेल असं माणूस त्याच्या ओळखीत एकही नव्हतं. होते ते सगळे त्याच्या गळ्यातली माळ पाहणारे.

पुढे गांजाचं एमडी (मेफेड्रोन) झालं. घरात कळलं, तेव्हा पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत बापाने त्याच्या गळ्यातली माळ ओढून काढली. आठवडाभरात मंडळाने पखवाज काढून घेतला. मंडळाचं नाव खराब होईल, असं ठरलं. दोघांनाही आपण धर्माचं रक्षण करतोय असंच वाटलं असणार, आणि मला त्या बापाचा राग येत नाही. तो रात्री एकटा रडत होता, हे मला त्याच्या बायकोने सांगितलं. पण परिणाम पाहा. ज्या शनिवारी रात्री हा मुलगा भजनाला बसायचा, त्या शनिवारी त्याला जायला आता एकच जागा उरली होती. तिथे त्याच्या माळेबद्दल कुणी विचारत नव्हतं.

त्यानंतर उपाय सुरू झाले. गावी नेऊन ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घातलं, अंगारा लावला, नवस बोलला, गणपतीच्या पायावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. शपथ त्याने मनापासून घेतली होती. एमडीचा अंमल उतरला की दिवसच्या दिवस झोप, मग सुन्नपणा, चिडचिड आणि पुन्हा घेण्याची तडफड, हे त्या नशेचं शरीरावरचं काम आहे. ते शपथेला ओळखत नाही. शपथ मोडली, तेव्हा घरच्यांनी ती आजाराची खूण मानली नाही. देवाची शपथही न पाळणारा, म्हणजे संपलेलाच, असं त्यांनी मानलं. त्यानेही तेच मानलं. डॉक्टरपर्यंत पोचायला या घराला फार वेळ लागला, आणि तो सगळा वेळ भक्तीत गेला होता, हे मला आजही पचत नाही.

हे एकट्या भांडुपचं नाही आणि एकट्या वारकऱ्यांचंही नाही. १९५३ साली रॉबर्ट स्ट्रॉस आणि सेल्डन बेकन यांनी अमेरिकेतल्या कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांच्या पिण्याचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. मॉर्मन पंथाला दारू पूर्ण निषिद्ध, त्यामुळे त्या पंथाच्या मुलांत पिणारे सर्वांत कमी निघाले. पण त्यांच्यातले जे पीत होते, ते झिंगेपर्यंत पीत होते आणि अडचणीतही अधिक येत होते. ज्या घरात "कधीच नाही" एवढंच शिकवलेलं असतं, त्या घरातल्या मुलाला एकदा रेघ ओलांडल्यावर कुठे थांबायचं आणि कसं परतायचं हे कुणी शिकवलेलं नसतं. इथल्याच बौद्ध वस्तीतली पंचशील रोज म्हणणारी आणि बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांतली दारू न पिण्याची प्रतिज्ञा पाठ असणारी घरं, सोनापूरकडची नमाजी मुसलमान घरं, चर्चला जाणारी कुटुंबं, सगळीकडच्या आया मला तेच सांगतात: "आमच्यात हे चालतच नाही हो, बाई." त्या वाक्यामागे लाज असते, आणि ती लाज मुलाच्या तोंडाला कुलूप लावते.

आता जरा आमच्या घरांतल्या रेघेकडे पाहू. ती कुठून कुठे जाते, हे मुलं आपल्यापेक्षा बारकाईने पाहतात. माळकरी घरात मांस नाही, दारू नाही. पण आजी सकाळी मशेरी लावते, आजोबांच्या खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी असते, दिंडीतही ती असते. पुडी आणायला टपरीवर कोण जातं? घरातलं सर्वांत लहान पोर. शाळेच्या शंभर यार्डांत तंबाखू विकायला २००३च्या कायद्याने बंदी आहे, महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे. मुलाच्या हातात पुडी देणाऱ्याला बाल न्याय कायद्याखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. पण त्या पोराला पाठवणारी आजी असते आणि तिच्या गळ्यात तुळस असते. २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत तेरा ते पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांपैकी साडेआठ टक्के मुलं तंबाखू घेताना आढळली. ज्यांनी खायची तंबाखू कधी ना कधी घेतली होती, त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिकांनी ती वयाच्या दहा वर्षांच्या आतच चाखलेली होती. पहिलं व्यसन आमच्या घरांत चोरवाटेने येत नाही. ते पुढच्या दाराने, मोठ्यांच्या सांगण्यावरून येतं.

आणि कॅलेंडर. श्रावण पाळायचा म्हणून आषाढ अमावास्येला गटारी. एरवी दिव्यांची पूजा करायचा हा दिवस, पण डोंगरावरच्या कुठल्याही गल्लीत त्या रात्री काय चालतं हे आपण जाणता. महाशिवरात्रीला भांग, धुळवडीला बिअर, विसर्जनाला डीजेपुढे नाचण्याआधी टेम्पोमागे क्वार्टर. कोकणात गावी राखणदाराला कोंबड्यासोबत दारू दाखवतात. ती आमच्या पूर्वजांची रीत आहे, तिच्यामागची श्रद्धा मी जाणते आणि तिची टिंगल मला सहन होत नाही. पण पंधरा वर्षांचा मुलगा या सगळ्यातून एकच गोष्ट शिकतो. नशा चूक की बरोबर हे तिथीवर ठरतं. सोमवारी पाप, बुधवारी प्रसाद. असा मुलगा पुढे स्वतःच्या तिथ्या स्वतः ठरवायला लागला, तर त्याला दोष कसा द्यायचा?

२०२५च्या फेब्रुवारीत तुळजापूरजवळ तामलवाडीला एमडी पकडलं गेलं आणि तपास पुढे सरकला तशी आरोपींच्या यादीत मंदिरातल्या काही पुजाऱ्यांचीही नावं आली. खटल्यात काय ठरायचं ते ठरेल. पण आई भवानीच्या पायाशी वाढलेल्या मुलांपर्यंतही ही पूड पोचली, हे पाहून महाराष्ट्र हादरला. मला त्यातून एवढंच कळलं की देवाजवळ राहणं म्हणजे आपोआप राखलं जाणं नव्हे. राखायला माणसं लागतात.

म्हणून आपल्याला लिहिते आहे. डॉक्टरचं ऐकताना आया मान डोलवतात, पण घरी जाऊन करतात ते महाराजांनी सांगितलेलं. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, ही आपली ताकद आहे. आपल्याच परंपरेत तिचा वापर कसा झाला, ते आठवा. गाडगेबाबांचे वडील झिंगराजी दारूपायी लवकर गेले. दारू-मटणाच्या जेवणाची रीत होती, तरी बाबांनी आपल्या मुलीच्या बारशाला गोडाचं जेवण घातलं आणि भावकीचा रोष पत्करला. बाबांचं अखेरचं कीर्तन १९५६ साली मुंबईतच झालं, बांद्र्याच्या पोलीस ठाण्यात. त्यांच्या कीर्तनात लोकांना नुसतं ऐकायचं नसे, उत्तर द्यावं लागे. बाबा प्रश्न विचारत, समोरचा बोलता होई. ते दारूवर कडक होते, पण पिणाऱ्याला त्यांनी कीर्तनाबाहेर काढलं नाही. त्याच्यासाठीच तर ते उभे राहत.

मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची गोष्टही आपण सांगू शकाल. मुंबई-पुण्यात ऐंशीच्या दशकात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, पसरली तेव्हा अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदत दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचटांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ते केंद्र सुरू केलं. व्यसन हा आजार आहे, तो उलटतो, आणि उलटला तरी पुन्हा उपचार घ्यायचे असतात, ही गोष्ट मराठी घरांना त्यांनी शिकवली. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभांत तर माणूस आपल्याला उमगलेल्या परमेश्वराच्या आधारानेच दारू सोडतो. त्या सभेत देवाचं नाव आहे, पण पहिलं वाक्य कबुलीचं असतं आणि ते ऐकून कुणी तोंड फिरवत नाही. आमच्या भजनी मंडळाला हे जमणार नाही, असं मला वाटत नाही. एकमेकांच्या पाया पडणारी माणसं आहोत आपण.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. सप्ताहातल्या सात कीर्तनांपैकी एकात, ज्याने सुरुवात केलेली आहे त्या मुलाशी बोला. त्याच्या आईशी नव्हे, भोंग्यातून थेट त्याच्याशी. माळ खिशात ठेवणाऱ्या मुलाला सांगा की ती खिशात असली तरी तो आमचाच आहे, आणि आज रात्री त्याने घरातल्या किंवा मंडळातल्या एका माणसाला खरं सांगावं. बापांना सांगा, मुलाच्या गळ्यातली माळ ओढू नका. ती आपण महाराजांनी घातलेली असते, शिक्षा म्हणून काढायचा अधिकार कुणाचाही नाही. बुवांना सांगा, मंडळातून मुलाला काढायची वेळ आली तर आधी त्याला अजून एक वाद्य द्या. आजीला मशेरीबद्दल सांगायला संकोच करू नका, ती आपलं ऐकेल.

आणि शपथेबद्दल. आपल्यापुढे हजारोंनी व्यसनमुक्तीची शपथ घेतली आहे, त्यातल्या पुष्कळांनी पाळली आहे. ज्यांची मोडली, त्यांच्यासाठी एक वाक्य वाढवा: मोडली तर परत या, आणि येताना डॉक्टरकडून या. गोळ्या, सोल्यूशन, एमडी ही नुसत्या निश्चयाने सुटणारी प्रकरणं नाहीत. केईएमसारख्या सार्वजनिक रुग्णालयात त्यावर उपचार होतात. पोलीस धरतील या भीतीने आईबाप मुलाला लपवतात, त्यांना सांगा की अमली पदार्थांच्या कायद्यातच, कलम ६४-अ खाली, स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला स्वतः सेवन केल्याच्या खटल्यापासून संरक्षण आहे. विकणाऱ्याला नाही, सेवन करणाऱ्याला. हे त्यांना वकिलाकडून कळलं तर अर्धं पटतं, व्यासपीठावरून कळलं तर पूर्ण.

मी सांगितलेला मुलगा उपचार घेऊन आता कामाला लागला आहे. मध्ये एकदा घसरला, पुन्हा गेला. भजनाला बसत नाही. त्याला विचारलं तर म्हणतो, कुणी बोलावलेलं नाही. आमच्या वस्तीत सप्ताह बसेल, तेव्हा निमंत्रण द्यायला मंडळाची माणसं आपल्याकडे येतील. तारीख देण्याआधी त्यांना विचारा, पखवाजाला कोण आहे, आणि पूर्वी कोण होता. सप्ताहाची पत्रिका छापायला जाईल तेव्हा काकडा, पारायण, हरिपाठ, कीर्तन यांच्या वेळांखाली एक ओळ घालायला सांगा: व्यसनमुक्तीसाठी मोफत राष्ट्रीय मदत क्रमांक १४४४६. ती पत्रिका इथल्या प्रत्येक खोलीत जाते आणि सप्ताह संपला तरी बरेच दिवस देव्हाऱ्याशेजारी राहते.

आपली,
भांडुपमधली एक निवृत्त शिक्षिका